जुन्या ट्रॅक्टरची रेस मोजायला टू-इन-वन टॅकोमीटर: कुठे लावायचा, कुठे फसतो

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात तीस-चाळीस वर्षांचे, काही त्याहूनही जुने ट्रॅक्टर अजून रोज कामाला जातात. मॅसी ३५ आणि त्याच घराण्यातला १०३५, महिंद्राचा बी-२७५, पिंजोरचा एचएमटी झेटर २५११, फोर्ड ३६००. डॅशबोर्डवरचं आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) दाखवणारं मीटर यांतल्या बहुतेकांवर एकतर बंद असतं, नाहीतर काटा थरथरत राहतो. मग ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने बागेत औषध फवारणारं यंत्र, जोडला की चालक रेस (इंजिनचा वेग) कानाने लावतो. रोटाव्हेटरला कानाचा हा हिशोब एक वेळ चालून जातो, पण फवारणीत चालत नाही. का, ते पुढे येईलच. आधी उपकरण बघू.

हातात धरायच्या ज्या डिजिटल टॅकोमीटरबद्दल, म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या मीटरबद्दल हे लिहितोय, तो बाजारात बऱ्याच नावांनी मिळतो, पण आतला माल जवळपास एकच. एका बाजूला प्रकाशकिरण सोडणारं भिंग, दुसऱ्या बाजूला फिरत्या शाफ्टवर टेकवायचं रबरी टोक. फक्त किरणावर चालणारा साधा मीटर हजार-दीड हजारात मिळतो. दोन्ही सोयी असलेल्याला, म्हणजे टू-इन-वनला, साधारण दोन ते चार हजार पडतात. जुन्या ट्रॅक्टरसाठी दुसराच घ्यावा. हे दुकानदाराचं बोलणं नाही. ट्रॅक्टरवर मोजायच्या दोन मुख्य जागांपैकी एक टोकाने मोजायची आहे, दुसरी किरणाने, आणि एकाचं काम दुसऱ्याने नीट होत नाही.

डब्यावरचे आकडे असे असतात: किरणाने २.५ ते ९९,९९९ आरपीएम, टोकाने ०.५ ते १९,९९९, अचूकता ±०.०५ टक्के आणि वर एक अंक, आकडा दर ०.८ सेकंदाला बदलतो, किरणाचं अंतर ५० ते ५०० मिलिमीटर. १५०० आरपीएमवर ही चूक दोनच्या आत येते. जुन्या डिझेल इंजिनचा गव्हर्नर (रेस एकसारखी राखणारी यंत्रणा) स्वतःच दहा-वीस आरपीएम वर-खाली होत असतो. तेव्हा जास्त अचूक म्हणून महागडा मीटर घेण्यात काही राम नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर मजबूत बॉडी आणि घट्ट बसणारं टोक यावर करा.

आणल्यावर पहिली परीक्षा घरीच होते. जुन्या पद्धतीची, लोखंडी चोकची ट्यूबलाइट असेल तर किरणाचा मोड लावून मीटर तिच्याजवळ धरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. मीटरवर ६००० किंवा त्याच्या अगदी आजूबाजूचा आकडा यायला हवा. इलेक्ट्रॉनिक चोकवर किंवा एलईडी दिव्यावर हा आकडा येईलच असं नाही. टोकाच्या परीक्षेला बेंच ग्राइंडर पुरतो. दोन पोलची मोटर मोकळी फिरताना ३००० च्या थोडी खाली असते. ३००० च्या वर आकडा दिसला तर मीटर परत करा. त्याच शाफ्टवर मीटरबरोबर येणारी चमकती पट्टी चिकटवून किरणानेही मोजा. दोन्ही आकड्यांत पाच-सातपेक्षा जास्त फरक आला तर टोक घसरतंय असं समजा.

क्रँक पुलीवर किरणाने

इंजिनची खरी रेस क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या पुढच्या टोकावरच्या पुलीवर. फॅनच्या पुलीवर किंवा डायनमोवर नाही. त्यांचा व्यास वेगळा असतो, वर बेल्ट घसरतो, आणि आलेला आकडा इंजिनचा नसून बेल्टचा असतो. ही चूक गॅरेजमध्येही सर्रास दिसते, कारण फॅन समोर दिसतो आणि क्रँक पुली खाली, रेडिएटर आणि पुढच्या ॲक्सलच्या ओतीव भागामागे दडलेली असते. तिथे टोक पोचत नाही. बाजूने, फॅनपासून हात लांब ठेवून किरण टाकावा लागतो.

पुलीवर तेल-ग्रीसचा थर असतो. पेट्रोलच्या फडक्याने ती पुसा, सुकू द्या, मग चमकत्या पट्टीचा १२ मिलिमीटरचा चौकोनी तुकडा चिकटवा. मीटरबरोबर येणारी पट्टी संपली की नंबरप्लेटच्या दुकानातलं पांढरं रेडियम चालतं. तुकडा एकच. दोन लावले की १५०० चे ३००० दिसतात. गंमत म्हणजे एकच लावूनही कधी दुप्पट आकडा येतो. पुलीवरचा घासून चकचकीत झालेला डाग किंवा बोल्टचं डोकं मीटरला दुसरं रेडियम वाटतं. पुलीच्या त्या बाजूला काळा मॅट रंग मारला की हा त्रास संपतो. आकडा १५०० आणि ७५० मध्ये उड्या मारत असेल तर उलटी गोष्ट घडते आहे: किरण दर दुसऱ्या फेरीला तुकडा चुकवतोय. मीटर जवळ आणा आणि थोडा तिरका धरा. अगदी काटकोनात धरला तर रंगाची चमकही परत येते.

नाशिकच्या उन्हात या मीटरची खरी अडचण वेगळीच आहे. भर दुपारी उघड्यावर किरणाचा मोड जवळजवळ निकामी होतो, कारण सूर्याचा प्रकाश तुकड्याच्या चमकेला गिळून टाकतो. शेडमध्ये मोजा, नाहीतर पुलीवर ताडपत्रीची सावली करा. मात्र ताडपत्रीचं टोक फॅनकडे ओढलं जाणार नाही असं बांधून घ्या. डब्यातल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही.

पीटीओवर टोकाने

पीटीओ म्हणजे अवजार चालवायला ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला फिरता शाफ्ट. तो मोकळा असताना टोकाला तोड नाही. ५४० आरपीएमच्या पीटीओ शाफ्टला सहा दात असतात, व्यास ३५ मिलिमीटर, आणि शाफ्टच्या मागच्या टोकाच्या मध्यभागी बहुधा लेथच्या सेंटरचा खड्डा असतो. शंकूच्या आकाराचं रबर त्या खड्ड्यात अगदी नीट बसतं. अवजार काढलेलं, गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकाला दगड. सदऱ्याच्या बाह्या दुमडून, गळ्यातला रुमाल काढून ठेवायचा. मीटर शाफ्टच्या रेषेत सरळ धरायचा. तिरका धरला की रबर घासतं, आकडा कमी येतो आणि टोक आठवड्यात झिजतं. दाब फक्त घसरणार नाही इतकाच. खड्ड्यात ग्रीस असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर ५४० च्या जागी ५१० दिसेल आणि तुम्ही इंजिनची रेस उगाच वाढवाल.

मेमरीच्या बटणाने शेवटचा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असे तीन आकडे पुन्हा दिसतात. जुन्या ट्रॅक्टरवर हे बटण फार कामाचं. दहा सेकंद मोजून जास्त-कमीतला फरक पाहिला की इंजिन किती हुंदडतंय ते कळतं. फक्त एक पथ्य पाळा: अंगठा बटणावरून आधी काढा, मग टोक शाफ्टपासून दूर करा. उलट केलंत तर टोक सुटतानाचा खोटा आकडा 'सर्वांत कमी' म्हणून मेमरीत बसतो आणि चांगल्या गव्हर्नरवर आळ येतो.

आता पुली आणि पीटीओ एकाच रेसवर मोजा आणि भागाकार करा. मॅसी फर्ग्युसन ३५ वर इंजिन १५०० ला पीटीओ ५४०, म्हणजे गुणोत्तर २.७८. इतर ट्रॅक्टरवर आकडा वेगळा, आणि कुठल्या तरी हंगामात गिअरबॉक्स बदललेला ट्रॅक्टर असेल तर मॅन्युअलवर विसंबू नका. स्वतः मोजलेलं गुणोत्तर बॉनेटच्या आतून पेंटने लिहून ठेवा. यापुढे एकच जागा मोजली तरी दुसरी काढता येते.

ब्लोअर जोडल्यावर टोकाचा उपयोग संपतो, कारण शाफ्टच्या तोंडावर जॉइंट बसतो. तिथे जॉइंटच्या योकवर (दुबेळक्यासारख्या भागावर) रेडियमचा तुकडा लावून बाजूने, दीड-एक फुटावरून किरण टाकायचा. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर या कामासाठी काढून ठेवू नका. ट्रॅक्टरकडचा योक बहुतेक ठिकाणी मीटरला दिसेल इतका उघडा असतो. नसेल तर क्रँक पुलीवर मोजा आणि गुणोत्तराने पीटीओ काढा.

फवारणीत हा आकडा इतका का महत्त्वाचा, तर ब्लोअरचा पंप आणि पंखा दोन्ही पीटीओवरच चालतात. पंपावर प्रेशर रेग्युलेटर असतो. रेस कमी झाली की तो टाकीत परत जाणारं पाणी कमी करतो आणि गेजवर प्रेशर होतं तेवढंच राहतं. चालकाला सगळं ठीक वाटतं. पंख्याला मात्र असा रेग्युलेटर नाही. ५४० ऐवजी ४८० वर चालला तर हवा ८९ टक्क्यांवर येते, हवेचा दाब ७९ टक्क्यांवर, आणि पंखा ओढत असलेली ताकद सत्तर टक्क्यांवर. मांडवात पानं दाटली की औषधाचे थेंब पानाच्या मागे न्यायचं काम हवेचं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाची झड आली, डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीरोगाचा) धोका वाढला की नेमकी तीच मागची बाजू कोरडी राहते. मग दोष औषधाला, नाहीतर नोझलला.

उलट बाजूही वाईट. ५४० च्या ब्लोअरला ६२० वर फिरवलं की पंपाचे व्हॉल्व्ह आणि डायफ्राम, जॉइंटचे क्रॉस आणि पंख्याचं बेअरिंग एकापाठोपाठ एक बोलू लागतात, आणि डिझेल जास्त जळतं ते वेगळंच.

रेस लावताना

मीटर फक्त दाखवतो, लावायचं काम हातानेच. त्यातही घाई नडते. एअर क्लीनर आणि डिझेल फिल्टर साफ नसेल तर स्क्रूला हात लावू नये. ऑइल बाथ क्लीनरमध्ये तेलाची पातळी खुणेपर्यंत हवी, वर नको. इंजिन वीसेक मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. थंड इंजिनवर लावलेला स्लो (दांडा सोडल्यावरची सर्वांत कमी रेस) गरम झाल्यावर वर चढतो.

स्लोचा स्क्रू लॉकनट सैल करून पाव फेरी फिरवायचा, दहा सेकंद थांबायचं, मोजायचं. मॅन्युअलचा आकडा आला की लॉकनट आवळून पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. मग रेस तीनदा वर नेऊन एकदम सोडा. इंजिन बंद न पडता, न डगमगता त्याच आकड्यावर यायला हवं. शेवटी हायड्रॉलिक उचलून आणि दिवे लावून पाहा. त्यावर धडधडलं तर स्लो कमी आहे. फार कमी स्लोवर तेलाचं प्रेशर घसरतं, फार जास्त स्लोवर गिअर करकरतात.

पूर्ण रेसचा स्क्रू इंजिनच्या डिझेल पंपावर सीलबंद असतो, तारेने आणि शिशाने किंवा टोपीने. त्याला हात लावण्याआधी एक साधी चाचणी करा. रेसच्या दांड्याचा रॉड पंपाच्या लिव्हरपासून सोडवा आणि लिव्हर हाताने थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत न्या. आता आकडा बरोबर आला तर पंप निर्दोष आहे. दोष रॉडचा, झिजलेल्या पिनांचा, वाकलेल्या ब्रॅकेटचा, किंवा पायाखाली जाड मॅट टाकल्याने पॅडल पूर्ण न दबल्याचा. जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा हेच निघतं आणि पंधरा-वीस रुपयांच्या पिनेवर काम भागतं. लिव्हर स्टॉपला टेकूनही रेस कमी असेल तर डिझेल कमी पोचतंय किंवा गव्हर्नरची स्प्रिंग थकली आहे. मग पंप खोलून टेस्ट बेंचवरच लावून घ्यावा. सील तोडून स्क्रू फिरवला तर आकडा मिळतो, पण धूर आणि डिझेलही वाढून मिळतं.

मोकळी पूर्ण रेस आणि कामाखालची रेस एक नसतात, हेही मोजताना ध्यानात हवं. मेकॅनिकल गव्हर्नर लोड आल्यावर आठ-दहा टक्के खाली येतो. कामाची रेस २००० ची असेल तर मोकळी २१६० च्या आसपास दिसणं योग्य आहे. ती २००० वर आणून ठेवली तर नांगर जमिनीत गेला की इंजिन गुदमरेल. मॅन्युअल वाचतानाही हे दोन आकडे वेगळे शोधा.

काही जुन्या बी-२७५ वर न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणाऱ्या गव्हर्नरचा डिझेल पंप असतो. त्याचा हिशोब निराळा. इनटेकच्या घशातला व्हॅक्यूम एका पाइपने पंपामागच्या चामड्यासारख्या डायफ्रामवर जातो आणि तोच रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारा पंपातला दांडा) मागे ओढून डिझेल कमी करतो. डायफ्राम चिरला, पाइपचा नट सैल झाला की व्हॅक्यूम पोचत नाही, डिझेल वाढतं आणि रेस आपोआप चढते. म्हणून इंजिन चालू असताना हा पाइप कधीही काढू नये. इंजिन पूर्ण डिझेलवर पळत सुटेल. उलट एअर क्लीनर तुंबला की व्हॅक्यूम वाढतो आणि रेस दबते. डायफ्राम तपासायचा तर इंजिन बंद ठेवून स्टॉपचा लिव्हर ओढून धरा, पाइपचं भोक बोटाने घट्ट बंद करा आणि लिव्हर सोडा. रॅक थोडा सरकून अडकल्यासारखा थांबला, मग हळूहळू पुढे गेला तर डायफ्राम ठीक. एकदम पुढे धावला तर बदला. मीटरवर हा दोष रेस ४०-५० आरपीएमने सतत झुलताना दिसतो. पण फिल्टरच्या वॉशरमधून हवा ओढली जात असली तरी मीटर तसाच झुलतो. म्हणून आधी डिझेल लाइनची हवा काढा.

डॅशबोर्डचं जुनं मीटर टाकून देण्याची घाई करू नका. टॅकोमीटरने १०००, १५०० आणि २००० ला ताडून पाहा. काटा सगळीकडे सारख्याच टक्क्याने मागे असेल तर तेवढा फरक धरून तो वापरता येतो. थरथरत असेल तर केबल कोरडी किंवा कुठे तरी मुडपलेली आहे. त्याच मीटरवरचे तास घड्याळाचे नसतात, इंजिनच्या फेऱ्यांचे असतात, त्यामुळे स्लोवर तासभर उभ्या ट्रॅक्टरचा तिथे तास भरत नाही. जुना ट्रॅक्टर घेताना विकणाऱ्याने तास दाखवले की हे आठवावं.

दुसरे पर्याय थोडक्यात. मोबाइलचं आवाज ऐकणारं ॲप तीन सिलिंडरच्या इंजिनवर गडबडतं. १५०० ला सेकंदाला ३७.५ स्फोट होतात, इतका खालचा आवाज मोबाइलचा माइक धड पकडत नाही आणि ॲप दुप्पट-तिप्पट आकडा सांगतं. इंजेक्टरच्या पाइपला लावायचा पिझो क्लिपचा मीटर पंपवाल्यासाठी उत्तम, पण त्याला ६ मिलिमीटरचा की पाव इंची पाइप हे पाहून क्लिप निवडावी लागते आणि पाइपचा रंग खरवडावा लागतो. एका शेतकऱ्याला तो महागात पडतो. अल्टरनेटरवर चालणारं नवं मीटर लावायचं म्हणाल, तर या ट्रॅक्टरांवर बहुधा डायनमो असतो आणि त्याला लागणारं टर्मिनलच नसतं.

टू-इन-वनचे दोष सांगायचे तर पहिला उन्हाचा, तो वर आला. दुसरा, रबरी टोकं डब्यात दोन-तीनच येतात आणि ती वेगळी मिळायला त्रास होतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना माल देणाऱ्या टूल्सच्या दुकानांत विचारून मगच मीटर घ्या, टोक मिळत नसेल तर दुसरा नमुना पाहा. सातपूरला मायको, म्हणजे आजचं बॉश, गेली कित्येक दशकं डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवतं. त्यामुळे नाशकात डिझेलची जाण असलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, रबराच्या टोकाला मात्र जावं लागतं. तिसरा दोष बॅटरीचा. सेल उतरले तरी पडदा ठळक दिसतो, पण किरण मंद होतो आणि अंतर निम्म्यावर येतं. रेडियम नवं असूनही मीटर तुकडा पकडेना तर आधी सेल बदला. छाटणीचा हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या ऑक्टोबरमध्ये आतल्या पत्र्या हिरव्या झालेल्या सापडतील.

टोकाऐवजी बसणारं एक छोटं चाकही डब्यात असतं. त्याचा परीघ १० सेंटिमीटर असतो, त्यामुळे मीटर थेट मीटर-प्रति-मिनिट दाखवतो. मळणी यंत्राचा पट्टा किती घसरतोय ते याने सुरेख कळतं. १५० मिलिमीटरची पुली १५०० ला फिरत असेल तर पट्टा मिनिटाला ७०७ मीटर धावायला हवा. ६७० दाखवला तर पाच टक्के घसरण, म्हणजे पट्टा ताणायची वेळ झाली.

ज्यांच्याकडे चालू मीटरचा नवा ट्रॅक्टर आहे त्यांना याची गरज नाही. जुना ट्रॅक्टर आणि ब्लोअर ही जोडी असेल तर एका वस्तीत, चार-पाच जणांत मिळून एक पुरतो. छाटणीच्या आधी एकदा प्रत्येकाने ब्लोअर जोडून, पाणी भरून, पंखा चालू ठेवून पीटीओ ५४० वर आणायचा आणि हॅन्ड रेसच्या पट्टीवर लाल रंगाची एक रेघ मारायची. रंग ऑइल पेंटचाच घ्या, नेलपॉलिश डिझेलच्या हाताने महिन्यात निघून जातं.